चढायची फळी, उतरायची फळी

कपाटाच्या तळाशी जुने चार्जर साठतात तसे ऑफिसात किस्से साठतात. कुणी मुद्दाम ठेवलेले नसतात, टाकवतही नाहीत, आणि एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात. परवा जुन्या वर्गमित्रांत बसलो होतो. एकाने सहज विचारलं, "सध्या काय चाललंय तुझं?" मी एक किस्सा सांगायला घेतला आणि तास गेला. घसा बसला, तरी निम्मे राहिलेच!

तर आधी आमची मंडळी सांगतो. मी अकरा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवलं. दर जूनला नवा अर्ज, दर एप्रिलला घरी. शेवटी कंटाळलो आणि बारामतीत भिगवण रस्त्यावर एका पहिल्या मजल्यावर हे ऑफिस धरलं. तिकडे आल्प्सच्या डोंगरात स्कीचं एक दुकान आहे. स्की म्हणजे बर्फावरून घसरायला पायात अडकवतात त्या लांब फळ्या. त्या दुकानाला गिऱ्हाइकं ईमेलवर प्रश्न विचारतात आणि त्यांना उत्तरं आम्ही देतो. पंखा पाचवर ठेवून!

आम्ही तिघं. मी, पणदऱ्याची वैशाली आणि निरवांगीचा दत्ता. वैशाली सकाळी सहा गाईंची धार काढून, डेअरीला दूध घालून स्कूटीवरून येते आणि तरी माझ्या आधी पोचलेली असते. दत्ताच्या वडिलांचं निरवांगीत बियाणं-खताचं दुकान आहे. ते आता थोरला भाऊ बघतो, म्हणून दत्ता बारामतीला आला. बायको इथे नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मुलगी नुकतीच पहिलीत गेली आहे.

तिकडचा मॅनेजर मार्टिन. माणूस वाईट नाही, पण मोजका. त्याचा नियम असा की एका गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त तीन मेल. तिसऱ्या मेलला एक तर विक्री, नाही तर रामराम. गेल्या हिवाळ्याआधी त्याने आणखी एक कळवलं. पुढच्या सीझनला तीन खुर्च्या नकोत, दोन पुरतील, बाकीची उत्तरं मशीन लिहील. कुठली खुर्ची जाणार ते मार्चमध्ये ठरणार होतं. आम्हा तिघांनाही ते तेव्हाच ठाऊक होतं, कारण दत्ता सगळ्यांत कमी विकायचा.

* * *

या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम म्हणजे ती काय आहे हे लोकांना सांगणं. माझी सासरवाडी डाळजची. तिथे जेवायला बसलं की दर वेळी मेव्हणा विचारतो, आणि दर वेळी मी पहिल्यापासून सांगतो.

मुख्य प्रकार दोन. एक ऑल-माउंटन स्की. रुंद, वजनदार, टाच पक्की अडकवलेली. डोंगरावर लिफ्टच्या पाळण्यात बसून जायचं आणि घसरत खाली यायचं. बर्फ कसंही असो, कडक, भुसभुशीत, लोकांनी तुडवलेलं, ती फळी डगमगत नाही. दुसरी टूरिंग स्की. हलकी, अरुंद, टाच मोकळी सोडता येते. ती घालून आपल्याच पायांनी डोंगर चढायचा. चढताना तिचं वजन जाणवत नाही, पण उतरताना खराब बर्फावर ती थरथरते आणि माणसाला अंगात कसब लागतं. म्हणून कोण कुठे जाणार, किती चढणार, किती उतरणार हे विचारून सल्ला द्यायचा. एवढंच आमचं काम.

मेव्हण्याने सगळं ऐकून घेतलं, भाकरी मोडली आणि विचारलं, "पण दाजी, त्यांना वर जायाचं कशापायी असतं?"

पाच वर्षं झाली, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

* * *

पहिली तीन वर्षं आम्ही स्की पाहिलीसुद्धा नव्हती. फोटो बघून सल्ले द्यायचो. शेवटी मार्टिनलाच लाज वाटली असावी. त्याने नमुन्याचं खोकं पाठवलं. त्यात ऑल-माउंटनची एक जोडी, टूरिंगची एक जोडी आणि बुटांचा एक जोड. खोकं एवढं लांब होतं की जिन्याच्या वळणावर अडकलं आणि खालच्या टायरवाल्याने खिडकीतून दोर टाकून वर घेतलं.

बूट मी घालून पाहिले. टाच आत जाईना. दत्ताचा अंगठा अडकला. वैशालीच्या पायात मात्र ते घट्ट, व्यवस्थित बसले. म्हणजे आमच्या ऑफिसात, किंबहुना साऱ्या तालुक्यात, स्कीवर उभं राहू शकणारी ती एकटीच! त्यात ते बूट टूरिंगचे. ऑल-माउंटनच्या पकडीत ते बसेनात. तेव्हा एक गोष्ट आम्हाला कायमची कळली की कुठलाही बूट कुठल्याही फळीत चालत नाही. तीन वर्षं आम्ही गिऱ्हाइकांना हे सांगायचं विसरत होतो, आणि फळ्या परत का येतात म्हणून डोकं धरून बसत होतो.

त्याच खोक्यात दोन लांब केसाळ पट्ट्या होत्या. चढताना त्या टूरिंग स्कीच्या पोटाला चिकटवायच्या असतात, म्हणजे फळी मागे घसरत नाही. पट्टी कशाची असते यावर आमच्यात वाद चालला होता, तेवढ्यात तात्या आले.

तात्या म्हणजे इमारतीचे मालक. सत्तरीच्या पुढचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कारखान्याला ऊस घालणारी बैलगाडी हाकली. रोज अकराच्या चहाला ते वर येतात. त्यांनी पट्टीवरून एकदा सुलटा, एकदा उलटा हात फिरवला.

"बोकडाची केसं हायेत," ते म्हणाले. "पुढं सरकंल, मागं न्हाय यायची."

कंपनीच्या माहितीपत्रकात हेच सांगायला दोन पानं घालवली होती.

* * *

मग दसरा आला. आदल्या दिवशी ऑफिसात अवजारांची पूजा. दर वर्षी आम्ही तीन कॉम्प्युटर पुजायचो. या वर्षी वैशालीने दोन्ही जोड्या भिंतीला उभ्या केल्या, झेंडूच्या माळा घातल्या, हळद-कुंकू लावलं. फोटो मार्टिनला पाठवला. तो खूश झाला, दुकानात लावतो म्हणाला.

घोळ नंतर झाला. पूजा झाल्यावर आम्ही घरी गेलो आणि तात्या मागे राहिले. अवजार पुजलं आणि त्याला वंगण दिलं नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. साठ वर्षांची सवय. ते खाली गेले, गाडीच्या आसाला लावतात ते काळं वंगण आणलं आणि ऑल-माउंटनच्या जोडीला खालून-वरून चोपडलं. टूरिंगची तेवढी वाचली, कारण डबा संपला!

सकाळी मी दार उघडलं तर भिंत काळी, फरशी काळी, आणि तात्या समाधानाने चहा पीत बसलेले. "आता बघा कशी पळती," म्हणाले.

त्यांच्यावर रागवायचं त्राण माझ्यात नव्हतं. वैशालीने रॉकेल मागवलं आणि दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून त्या दोन फळ्या वीत-वीत पुसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, ह्या फळीची रुंदी आता मला डोळं झाकून सांगता येईल. पुढं केवढी, मधी केवढी, मागं केवढी."

* * *

टूरिंगची चाचणी पणदऱ्याला झाली. बर्फाची सोय नव्हती. वैशालीच्या दिराने सुचवलं की ऊसतोड झालेल्या रानातलं पाचट कालव्याच्या भरावावर पसरू. वाळलेल्या पाचटावरून घसरून पडला नाही असा माणूस पणदऱ्यात सापडणार नाही.

रविवारी सकाळी आम्ही जमलो. सोबत अर्धी वस्ती. वैशालीने पंजाबी ड्रेसवर ते बूट चढवले, फळीच्या पोटाला बोकडाची पट्टी लावली आणि भराव चढायला लागली. आधी प्रत्येक पावलाला फळी उचलायची, धडपडायची. सासूबाई खालून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "उचलतीस कशाला? पाणी सोडलेल्या उसात चालतो तसं सरकव की पाय."

वैशालीने पाय सरकवला. फळी पुढे गेली, पट्टीने पाचट धरलं आणि ती मागे आली नाही. वीस पावलांत बाई भरावावर!

उतरताना मात्र तिने टाच अडकवली नाही. विसरली. तीन हात घसरली आणि पुढच्या पुढे पाचटात तोंडावर पडली. दिराने व्हिडिओ काढला होता, तो आजही वस्तीत फिरतो. त्याचा तिला राग येतो, पण त्यानंतर तिच्या मेलमध्ये एक ओळ कायमची आली: 'फळी उचलू नका, सरकवा, आणि उतरायच्या आधी टाच अडकवली का, हे खाली वाकून बघा.' एका डोंगराळ गावातल्या शिक्षकाने उलट लिहिलं की इतकी वर्षं झाली, मला हे इतक्या साध्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही कुठल्या डोंगरात राहता?

वैशालीने लिहिलं, कालव्याजवळ.

* * *

डिसेंबरात एका नवरा-बायकोचे एकाच दिवशी दोन वेगवेगळे मेल आले. नवऱ्याला टूरिंग हवी होती, कारण लिफ्टची गर्दी त्याला सोसत नव्हती. बायकोला ऑल-माउंटन, कारण सुट्टीतसुद्धा चढायचं म्हणजे तिला शिक्षा वाटत होती. दोघांची एकमेकांविरुद्ध तक्रार, आणि निकाल द्यायला आम्ही.

मी सुवर्णमध्य काढला. बाजारात मधल्या वजनाची फळी मिळते, जरा चढते, जरा उतरते. दोघांना तीच सुचवली. दोघांनी घेतली आणि आठवड्याच्या आत दोघांनी परत पाठवली. त्याला ती चढायला जड झाली आणि तिला उतरायला हलकी वाटली. मार्टिनचा जो मेल आला तो इथे सांगण्यासारखा नाही.

मग वैशालीने हातात घेतलं. तिने दोघांना मिळून एक मेल लिहिला. नवऱ्याने पहाटे निघावं, आपल्या पायांनी चढावं. बायकोने निवांत नाश्ता करून लिफ्टने वर जावं. वर भेटावं आणि एकत्र उतरावं. त्यामुळे त्याला टूरिंग, तिला ऑल-माउंटन, आणि वाट नवरा बघेल.

दोन्ही जोड्या विकल्या गेल्या. मार्टिनने तो मेल छापून दुकानाच्या काउंटरमागे चिकटवला. मी वैशालीला विचारलं, हे सुचलं कसं? ती म्हणाली, "आमच्या घरी मळ्यात असंच जात्यात, सर. मामंजी चालत, सासूबाई माझ्या गाडीवर."

* * *

आता दत्ता.

दत्ता दुकानात वाढला, ते त्याच्या मेलमधून जाईना. त्याच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. आबांच्या दुकानात कुणी बियाणं मागायला आलं की आधी प्रश्न: रान कसलं? पाणी किती? करणार कोण? तशी दत्ताची सुरुवात ठरलेली. 'तुमच्याकडे बर्फ कसलं आहे?' मग डोंगराचं तोंड कुठल्या दिशेला, वर्षातून किती दिवस जाता, गुडघे कसे आहेत, सोबत कोण असतं. गिऱ्हाइकाला वाटायचं की फळी घ्यायची आहे की पोरगी द्यायची आहे!

बरं, एवढं विचारून विकावं तरी. एका बाईंना त्याने लिहिलं, तुम्ही वर्षातून चारच दिवस जाता, विकत घेऊ नका, तिकडे भाड्याने मिळते. एकाला लिहिलं, तुमची जुनी जोडी अजून पाच वर्षं चालेल, फक्त कडांना धार लावून घ्या. एका तरुण गड्याला सांगितलं की टूरिंगच्या आधी एक वर्ष ऑल-माउंटनवर उतरायला शिका, मग या. तो गडी आलाच नाही.

दर सोमवारी दुपारी मार्टिनशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. दर सोमवारी मी दत्तासाठी एक नवी सबब शोधायचो. खोटं बोलून बोलून माझं इंग्रजी सुधारलं. शेवटी एकदा मीच त्याच्यावर तडकलो. म्हटलं, अरे, लोक फळी मागतात, फळी दे. मुलीची शाळा, बायकोचं कॉलेज, काही डोळ्यांपुढे आहे का नाही?

दत्ता शांतपणे म्हणाला की सवय जात नाही. आबांचा एक नियम आहे. फवारणीचं औषध मागायला माणूस आला की त्याला तीन गोष्टी विचारायच्या. रान कुठलं, पीक कुठलं, कीड कुठली. तिन्ही सांगता आल्या तर बाटली द्यायची.

"आणि नाही सांगता आल्या तर?"

"तर बाटली न्हाय द्यायची, सर. च्या मागवायचा. त्याला बसवून घ्यायचं, काय बी बोलत राहायचं. आन् तवर त्याच्या घरचं नायतर शेजारचं कोण तरी माणूस बलवून घ्यायचं."

खुर्चीचा विषय मी काढलाच नाही.

* * *

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा मेल आला. नाव योहान. दत्ता पहिल्या दिवसापासून त्यांना योहानआबा म्हणायला लागला. वय चौऱ्याहत्तर. सगळ्यात हलकी टूरिंग स्की हवी. त्यांच्या गावावर एक लाकडी झोपडी आहे, तिथे ते आणि त्यांची बायको दर हिवाळ्यात चढून जायचे. बायको गेल्या शरदात वारली. आता त्यांना एकदा वर जायचं होतं.

दत्ताने नेहमीप्रमाणे एकापाठोपाठ दोन मेल करून विचारलं. बर्फ कसलं, सोबत कोण, आणि उतरताना काय करणार? या वयात हलकी फळी उताराला थरथरेल.

उत्तर आलं. सोबत कुणी नाही. हेल्मेट वगैरे काही नको. आणि उतरण्याची माहिती पाठवू नये, तिची गरज नाही.

दत्ताने मला बोलावलं. मी वाचलं. खरं सांगतो, मी नीट वाचलंच नाही. मी मेल मोजले. दोन झाले होते, तिसरा राहिला होता. महिनाअखेर जवळ होती. मी म्हणालो, तयार गिऱ्हाईक आहे, देऊन टाक.

"सर," दत्ता म्हणाला, "हा माणूस उतरायचं इचारतच न्हाय."

मी पुन्हा वाचलं. या वेळी नीट. मला त्या दिवशी माझी फार लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

दत्ताने तिसरा मेल लिहिला: ती फळी सध्या शिल्लक नाही, दोन आठवडे लागतील. साफ खोटं. मग चौथा, पाचवा, सहावा. झोपडीत चूल आहे का? बाईंच्या हाताला कुठला पदार्थ चांगला होता? तुमच्याकडे गाई आहेत का, आमच्या वैशालीकडे सहा आहेत. वैशालीने गाईंचे फोटो दिले. योहानआबा आधी एका ओळीत उत्तर द्यायचे. मग दोन ओळी झाल्या. पण विषय फिरून तिथेच यायचा, फळी कधी येणार?

घरी कोण आहे, याचं उत्तर होतं कुणी नाही. शेजारी कोण, याला चार दिवस उत्तर नव्हतं. मग आलं. शेजारी कार्ल नावाचा निवृत्त पोस्टमन आहे. आठ वर्षं बोलणं नाही. त्याने कुंपण हातभर आत घेतलं.

दत्ता खुर्चीवरून उठलाच. "सर, बांध! तिकडं पण बांध असतो!"

निरवांगीच्या माणसाला बांधाच्या भांडणातलं काय सांगावं! त्याने त्याच दिवशी लिहिलं की फळी येण्याआधी मापं लागतील. बुटाच्या तळाची लांबी, उंची, आणि उभं राहिल्यावर गुडघा कुठे येतो ते. हे सगळं दुसऱ्या माणसानेच घ्यायचं असतं, आपलं आपल्याला घेता येत नाही, आणि दुकानाच्या नियमानुसार माप घेणाऱ्याची सही लागते. असा कुठलाही नियम नाही. गुडघ्याचं माप तर जगात कुणी घेत नाही!

आठवडा गेला. मग एक कागद आला. मापं, आणि खाली सही: कार्ल. कागदाच्या कोपऱ्यात कॉफीचा डाग होता. दत्ताने तो डाग आम्हाला तीनदा दाखवला.

मग त्याने शेवटचा मेल लिहिला. मापं मिळाली. टूरिंगची फळी आम्ही तुम्हाला देणार नाही. ऑल-माउंटन देऊ. चढायला तुमच्या गावात लिफ्ट आहे, तीत दोघांना बसता येतं. आमची फळी उतरायची आहे.

त्याला उत्तर आलं नाही.

* * *

सोमवारी मार्टिन स्क्रीनवर आला तोच हातात आमच्या मेलचे छापील कागद घेऊन. एका गिऱ्हाइकाला एकतीस मेल. त्यात गाईंचे फोटो. गोदामात सहा जोड्या पडलेल्या असताना माल नाही म्हणून सांगितलेलं. आणि विक्री शून्य. खुर्चीचा निर्णय मार्चपर्यंत थांबवायची गरज उरली नाही, असं तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यात मला बोट ठेवायला जागा नव्हती.

दत्ताने मला सांगितलं, सर, तुमी फक्त इंग्रजीत सांगा. आणि तो आबांच्या दुकानाबद्दल बोलायला लागला. रान कुठलं, पीक कुठलं, कीड कुठली. बाटली, चहा, घरचं माणूस. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेलो. अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इतकं जपून कधी बोललो नव्हतो. शेवटी दत्ताने योहानआबांचा तो दुसरा मेल मार्टिनला वाचायला सांगितला.

मार्टिनने वाचला.

मग त्याने एवढंच विचारलं, "गाव कुठलं यांचं?"

दत्ताने गावाचं नाव सांगितलं आणि स्क्रीन बंद झाली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. तिकडून मेल नाही, इकडून विचारायची हिंमत नाही. दत्ताने ड्रॉवर आवरायला घेतला. मुलीने काढलेलं एक चित्र मॉनिटरला चिकटवलेलं होतं, ते त्याने सोडवून वहीत ठेवलं. वैशालीने पाहिलं आणि मान फिरवली. चहाला तात्या आले, ते चहा न घेताच खाली उतरले.

शुक्रवारी अकराच्या सुमारास मार्टिनचा मेल आला, आत एक फोटो. मजकूर काही नाही, विषयात फक्त योहानआबांच्या गावाचं नाव. पांढराशुभ्र उतार, कडेला लिफ्टचा एक खांब, आणि वरून थेट खालपर्यंत वळणं घेत आलेल्या रेघा. माणूस कुठे दिसत नव्हता.

आम्ही तिघं स्क्रीनभोवती उभे राहिलो. तात्यांनी चष्मा पुसला आणि पुढे वाकले. बोटाने मोजलं.

"चार रेघा हायेत," ते म्हणाले. "दोघं हायेत. शेजारी शेजारी आल्यात."

वैशाली आणखी जवळ गेली. डाव्या जोडीवर तिने बोट ठेवलं. "ही रुंद फळी हाय. मी दोन दिवस पुसलीय ती, मला कळतीय. आन् ही दुसरी बारीक, जुनी. त्या पोस्टमनची असंल."

दत्ताने वहीतून ते चित्र काढून मॉनिटरला होतं तिथे लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. सकाळपासून एका नव्या बाईंचा मेल येऊन पडला होता, ऑल-माउंटन घेऊ की टूरिंग. त्याने तो उघडला आणि लिहायला लागला: 'तुमच्याकडे बर्फ कसलं आहे?'